कपड्यातली मिरची

उषाकाकू तीस वर्षं विज्ञान शिकवून शाळेतून निवृत्त झाल्या, पण ‘का?’ विचारायची खोड काही निवृत्त झाली नाही. सुदामा नगरातल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहतो, त्यामुळे निम्मे प्रश्न माझ्याच वाट्याला येतात.

त्यांचे यजमान दत्तोपंत. तोंडाच्या कॅन्सरवर इलाज झाल्यापासून त्यांना तिखटाचा कण सोसत नाही, आणि मिरचीशिवाय जेवण म्हणजे त्यांच्या मते दवाखान्यातला मुक्काम. मग काकूंनी देपालपूरच्या संताजी या ओळखीच्या शेतकऱ्यांकडून एका जुन्या, फिक्या मिरचीचं बी आणलं. वास मिरचीचा, चव मिरचीची, आग नाही. त्या वर्षी दत्तोपंतांनी भरल्या मिरच्या पोटभर खाल्ल्या.

पुढच्या वर्षी त्याच झाडांचं बी लावलं. मिरची दिसायला तीच, पण पहिल्याच घासाला दत्तोपंतांचं तोंड पेटलं. दोन दिवस ते पाणीही भीत भीत प्यायले. काकू रडल्या, आणि रडता रडता कारण शोधू लागल्या. गुन्हेगार मीच निघालो. गच्चीवरच्या माझ्या लवंगीचे पराग मधमाश्यांनी खाली नेले होते. असा संकर त्या फळात कळत नाही, बियांतून पुढच्या पिढीत उतरतो.

संताजींकडचं बी तोवर संपलं होतं. काकूंच्या डबीत उरलेल्या मूळच्या अकरा बियांतून चार रोपं आली. लोकांच्या लग्नांत मिळालेल्या जाळीच्या पुरचुंड्या त्यांनी मधमाशी शिरू नये म्हणून कळ्यांवर बांधल्या, फूल उमललं की पराग आतल्या आत पडावेत म्हणून रोज टिचकी मारायच्या. बांधलेल्या मिरच्या तीनच धरल्या, त्या बियाण्यासाठी. बाकीच्या खायला.

दत्तोपंत मात्र कशालाच हात लावेनात.

“अहो, एक बार चाखून तर बघा. यंदाचं फळ फिकंच असणार.”

“त्यावर मधमाशी बैठी होगी.”

“तिचा असर पुढच्या वर्षी दिसतो हो.”

“मला समजावू नकोस. द्यायचीच तर कपड्यातली दे.”

मला वाटलं, काकू नाही म्हणतील. त्यांनी एक पुरचुंडी सोडली. दत्तोपंतांनी लालबुंद मिरची देठापर्यंत चावली, डोळे मिटून, बियांसकट.

“अहो, बिया!”

“गेल्या,” ते म्हणाले. “अजून एक दे.”

काकूंनी डोळे पुसले आणि दुसरी पुरचुंडी सोडली. तिसरीवर हात ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

“भिया, पुढच्या साली तुझी लवंगी लावायची नाही.”