कोणत्या महिन्याचा हात

जीप उलटली त्या दिवशी मोजणीदाराचा डावा हात मनगटापासून गेला. पुढचे पाच महिने आधी हॉस्पिटलात आणि मग घरात पडून काढल्यावर, हिवाळ्याच्या शेवटी त्याला नवा हात मिळाला. सिलिकॉनचा, नखांसकट. वर्कशॉपमधल्या रंग जुळवणाऱ्या ताईंनी त्याचा उजवा हात खिडकीच्या उजेडात धरला, काचेच्या पट्टीवर थेंबथेंब रंग कालवला आणि असा बेमालूम मेळ घातला की मोजणीदार स्वतःच दोनदा फसला.

घरी येऊन त्याने दोन्ही हात टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. बघायला कोणी नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मग त्याने बहिणीला फोन लावला.

"अगदी सारखे दिसतात," तो म्हणाला.

"बरं झालं की दादा. आता भांडी न घासायला कारणं सांगू नकोस."

उन्हाळा लागला तसा तो पुन्हा जमिनी मोजायला जाऊ लागला. गडी मुळातच काळा, त्यात तीस वर्षं उघड्या रानात दुर्बिणीला डोळा लावून उभा राहिलेला. दोन महिन्यांत उजवा हात आपल्या मूळ पदावर आला. डावा मात्र होता तिथेच राहिला, पाच महिन्यांच्या सावलीतला, फिका. हे असं होईल हे ना त्याच्या ध्यानात आलं होतं, ना ताईंच्या.

"काय हो," ऑफिसातला नकाशेवाला म्हणाला, "डावा हात घरी ठेवून येता वाटतं? त्याला ऊन लागलेलं दिसत नाही!"

सगळे हसले, तोही हसला. ऑफिसातल्यांचं काही नाही, ती घरचीच माणसं. पण एकदा बांधावरून हमरीतुमरीवर आलेले दोन सख्खे भाऊ भांडण अर्धवट टाकून त्याच्या हाताकडे बघत राहिले, तेव्हा तो खट्टू झाला. त्याची मागणी फार नव्हती. लोकांनी जमिनीकडे बघावं, आपल्याकडे बघू नये, एवढंच. तीस वर्षं ते आपोआप होत होतं.

मग त्याने मनाशी एक ठरवलं. डावा हात काळा होत नाही ना, तर उजवाच उजळवायचा. त्याने साहेबांकडून टेबलावरचं काम मागून घेतलं. भिंतीकडची खुर्ची घेतली, कारण खिडकीपाशी चारनंतर ऊन यायचं. येताजाता उजव्या हातात सुती मोजा. संध्याकाळचं फिरणं बंद, घरातले पडदे ओढलेले. दर रविवारी तो ट्यूबलाइटखाली दोन्ही हात शेजारीशेजारी धरून बघायचा. रंग उतरत होता, पण कसा, तर मुंगीच्या पावलांनी. बोटांची पेरं तर हटूनच बसली होती.

"अरे, नव्या नवरीलासुद्धा कोणी एवढं कोंडत नाही," बहीण फोनवर म्हणाली.

त्या आठवड्यात त्याच्याशी आपणहून बोलणारी ती एकटीच होती. रानात निदान वारा असायचा, खुंट ठोकल्याचा आवाज असायचा, "साहेब, चहा घ्या" म्हणणारं कोणीतरी असायचं.

त्यात कोरडी थंडी पडली. उजवा हात राखेतून काढल्यासारखा दिसू लागला, पेरांवर पांढऱ्या रेघा. इतके महिने कोंडून घेतलं आणि हाती काय आलं, तर एक हात तपकिरी, एक राखाडी. तो सरळ वर्कशॉपमध्ये गेला.

ताईंनी हात खिडकीशी नेला. "काका, पुन्हा आजारी होता का?"

त्याने सगळं सांगितलं. भिंतीकडची खुर्चीसुद्धा सांगितली.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही उन्हातलं काम करता का, हे मी विचारायला हवं होतं." त्यांनी तेलाचा बोळा त्याच्या हातावर फिरवला. राख गेली आणि खालून रंग वर आला. "आपल्यासारख्या काळ्या कातडीचा रंग कधी एक नसतो, काका. उन्हात चढतो, सावलीत सावकाश उतरतो. कोरड्या हवेत असा राखाडी, दमट हवेत तुकतुकीत. सिलिकॉनला त्यातलं काही कळत नाही. आपण दुसरा करू. तुम्ही फक्त सांगा, कोणत्या महिन्याचा हवा?"

आजचा रंग घेतला तर तो टिकवायला निवृत्तीपर्यंत त्या भिंतीकडे बघत बसावं लागणार होतं. अजून चार वर्षं.

"भर उन्हाळ्याचा," तो म्हणाला.

"देते. पण मला आठवणीतून रंग कालवता येत नाही. हाताचा रंग तेवढा चढला, की या."

"म्हणजे तोवर लोक बघणार."

"बघणार," ताई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू?"

थंडी सरल्यावर त्याने बाहेरचं काम परत मागितलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "ऊन तापायला लागलंय आणि तुम्हाला आत्ता बाहेर जायचंय?"

"लोक म्हणतात, केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत. माझे उन्हानेच झालेत, साहेब."

पहिल्याच दिवशी एका विहिरीवरून तंटा होता. मालकीणबाई त्याच्या डाव्या हाताकडे टक लावून बघत राहिल्या.

"हे कशाने झालं हो?"

"जीप उलटली."

"अगं बाई!" क्षणभर त्या हळहळल्या. "बरं, माझी विहीर कोणाच्या हद्दीत येते, ते आधी सांगा."

तो दुर्बिणीवर वाकला.

दुपारी बाकीचे डबे घेऊन झाडाखाली गेले. त्यांनी हाका मारल्या, त्याने नकारार्थी मान हलवली. मोकळ्या रानात मोजणीच्या दगडावर तो एकटाच बसून राहिला, उजवा हात गुडघ्यावर पालथा ठेवून, उन्हाकडे करून.