जोतीरामचा कान

कोपरखैरण्यातल्या जोतीराम जगदाळेच्या गॅरेजात जुन्या मोटरसायकली यायच्या, त्या त्याच्या कानासाठी. कार्बोरेटर कुणीही धुतो, पण इंजिनाच्या आवाजावर तो लावावा जोतीरामनंच, असं गिऱ्हाइकं म्हणायची. गाडी चालू असताना कुणी बोललं की तो खेकसायचा, "गप ऱ्हावा! ऐकू द्या मला."

गेल्या वर्षापासून त्याला ऐकू येईनासं झालं होतं. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. टाकीवर तळहात ठेवून तो थरथरीवरूनच अंदाज घ्यायचा. खेकसणं मात्र तसंच ठेवलं होतं. गिऱ्हाईक गप्प बसलं की उत्तर द्यायची वेळच येत नाही.

आज प्राची नावाची एक तरुण मुलगी वडिलांची जुनी गाडी घेऊन आली. बाहेर गटारासाठी रस्ता फोडत होते आणि त्या मशीननं गॅरेजची फरशीही हादरत होती. जोतीरामनं गाडी चालू केली आणि टाकीवर तळहात टेकवला. त्यानं हवेचा स्क्रू पूर्ण आत फिरवला, मोजून दीड आटा बाहेर काढला आणि स्लो, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग, कमी करत गेला. प्राची काहीतरी म्हणाली.

"गप!"

ती पुन्हा म्हणाली. त्यानं मान वर केली नाही. कपाळावरचा घाम टाकीवर टपकला. अखेर हाताला थरथर एकसारखी लागली, तसा त्याचा जीव भांड्यात पडला.

"बघ पोरी, कशी एकसारखी चालतीय."

प्राचीनं त्याचा हात टाकीवरून हळूच उचलला. मग त्याच्यासमोर उकिडवी बसून, एकेक शब्द ओठांवर स्पष्ट उमटवत म्हणाली, "काका, गाडी केव्हाच बंद पडलीय."