आवाज मामीचा, नाव ऑर्केस्ट्रावाल्याचं

मंडळी, आज दुपारी माझं डोकं सटकलं.

'तलावाच्या पारीवर स्कूटी' हे आपल्या भंडाऱ्याकडचं जुनं गाणं. आमच्या सानगडी गावात आजही लग्न असलं की डीजेवर वाजतंच. एका ऑनलाइन विश्वकोशात त्यावर चार ओळींचा लेख आहे. त्यात गायक म्हणून ऑर्केस्ट्राच्या मालकाचं नाव लिहिलंय. गायलंय माझ्या मामीनं!

सकाळी मी नाव दुरुस्त केलं. जेवण होईपर्यंत कुणीतरी ते खोडून जुनं नाव परत टाकलं. मी गाण्याची लिंक दिली. उत्तर आलं, "सीडीच्या कव्हरवर मालकाचं नाव आहे, तोच पुरावा. आवाज हा संदर्भ होत नाही. शिवाय तुम्ही नातेवाईक."

मामीला फोन केला तर ती हसली. "कायले भांडून राहिली बाई? तुह्या आबाजीनंच सांगतलं होतं, घरच्या सुनेचं नाव कव्हरवर नाही पायजे."

म्हणजे आमच्याच आजोबांनी तिचं नाव पुसलं, आणि आता तेच पुसणं पुरावा झालं.

सहानुभूती नको. गाणं लावा, ऐका आणि खाली एवढंच लिहा, हा आवाज बाप्याचा आहे का?