विनोदचं नाशिक

स्टाफरूममध्ये पेपरच्या गठ्ठ्यांसारखे किस्सेही साचत जातात. गठ्ठे निदान वर्षअखेरीला रद्दीत निघतात. आमच्या आर्णीच्या शाळेतले निम्मे किस्से सध्या नाशिकचे आहेत, कारण विनोद सरांची मुलगी तिकडे दिली. आधीच कबूल करतो, माझा जळफळाट होतो.

*

ते स्थळ पहिल्यांदा माझ्या मुलीला, रसिकाला आलं होतं. मुलगा इंजिनियर, गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर घर, शिवाय द्राक्षबाग. चौकशी केली तर कळलं, द्राक्षं वाइनच्या कारखान्यात जातात. मी ताडकन फोन करून कळवलं, "दारूच्या धंद्यातलं घर आम्हाला चालत नाही." वर ऐटीत तो बायोडेटा विनोदला दिला. त्यानं महिन्याभरात साखरपुडा उरकला.

*

तेव्हापासून आर्णीत उन्हानं जीव जायला लागला की विनोद मोबाइल काढतो. "आमच्या इकडं चार डिग्री कमी हाय," म्हणतो. इकडं म्हणजे नाशिकला. राहतो माझ्या मागच्या गल्लीत!

*

एकदा त्यानं सगळ्यांना घरी वाइन प्यायला बोलावलं. ग्लास आधी गोल हलवायचा, वास घ्यायचा, मग घोट, असं शिकवलं. पीटीच्या सरांनी असा हलवला की अर्धा ग्लास अंगावर. तरी म्हणाले, चढून राह्यली.

"शर्टाले चढली सर, तुमाले नाही," विनोद म्हणाला.

मी तत्त्वाचा माणूस म्हणून सरबत घेतलं. घरी आल्यावर रसिकानं विचारलं, "बाबा, चव कशी होती?" मी जेवायला वाढ म्हटलं.

*

मग कळलं, विनोदच्या जावयाला धाकटा भाऊ आहे. विचारायला माझी जीभ दोन महिने रेटेना. शेवटी रसिकासाठी विनोदला विचारलंच.

"तुले तं दारूचं घर चालत नव्हतं ना?"

द्राक्ष हे फळ आहे, असं मी त्याला समजावलं. माझ्या वडिलांचं पिंडदान राहिलंच होतं, तेच निमित्त करून त्याच्यासोबत नाशिक गाठलं.

*

रामकुंडावरच्या गुरुजींकडे घराण्यांच्या वह्या असतात. आपल्यातलं कोण कधी येऊन गेलं, कुठलं, पोटापाण्याला काय करायचं, सगळं लिहिलेलं. विनोदच्या व्याह्यांना मीच आग्रहानं बोलावून घेतलं होतं. म्हटलं, आमचं घराणं बघू दे यांना.

गुरुजींनी लांबलचक वही उलगडली. माझ्या पणजोबांचं नाव सापडलं. माझी छाती फुगली.

"मोठ्यानं वाचा, गुरुजी."

गुरुजींनी नाव वाचलं, गाव वाचलं, आणि त्याच सुरात पुढं वाचलं, "धंदा, मोहाच्या दारूची भट्टी."

विनोद नदीकडे बघायला लागला. व्याह्यांनी वही जवळ ओढली, चष्मा पुसला आणि ती ओळ स्वतः पुन्हा वाचली.

"सर," ते शांतपणे म्हणाले, "आम्हाला जरा विचार करावा लागेल. दारूच्या धंद्यातलं घर आहे."