मशीनच्या गळ्यातली माळ

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात पत्रा कापायच्या नव्या मशीनची पूजा झाली. जाजमासारखी गुंडाळून आलेली पोलादाची कॉइल एका बाजूने उलगडते, रुळांमधून सरळ होते आणि पात्याखाली आपोआप तिचे तुकडे पडतात. कुणी हात लावायचा नाही. चुकून लावलाच, तर पात्याजवळचा सेन्सर मशीन जागच्या जागी थांबवतो.

नारळ फुटला, मशीन सुरू झाली आणि लगेच थांबली. पात्यावर बांधलेली झेंडूची माळ हलून सेन्सरच्या आड आली होती. फुलांना हात समजून बिचारी मशीन थबकली होती.

"माळ काढू का?" ऑपरेटरने विचारलं.

"आजच्या दिवशी पूजेची माळ काढतात का?" सुपरवायझर म्हणाले. "सेन्सर बंद कर."

सेन्सर बंद झाला. पातं खाली आलं, पहिला पत्रा पडला, टाळ्या वाजल्या. मला शिसारी आली. ज्या लोखंडाला माणसाचा हात ओळखायला शिकवलं होतं, त्याला आम्ही पाच मिनिटांत आमच्यासारखं करून टाकलं. माळ दोन दिवसांत सुकेल, कुणीतरी काढेल. सेन्सर मात्र तसाच बंद राहील, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

जुन्या मशीनवर तीन बोटं गमावलेले शंकरमामा प्रसाद वाटत होते. उरलेल्या दोन बोटांत धरलेला पेढा त्यांनी माझ्यापुढे केला. तो घ्यायला मी हात सोडवले, तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ मीही त्या मशीनला हात जोडूनच उभा होतो.