मठपती बाईंची जोडणी

झरीच्या रस्त्यावर कुणी ट्रॅक्टर मागं घेऊन ट्रॉलीला जोडायला लागला, की मठपती बाई शाळेची घंटा विसरून थांबायच्या. ट्रॉलीला दणका बसला की ड्रायव्हरवर तुटून पडायच्या. "आरं, हळू! वर अंतराळात आसा दणका दिलास तर दोन्ही यानं दोन दिशेला जातेत. तिथं चाकाखाली दगड लावायला कोण हाय?"

बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. आपली दोन यानं अंतराळात जोडली गेली, तेव्हा शाळाभर पेढे वाटले गेले. बाईंना कौतुक मात्र वेगळंच होतं. "आधी जवळ येऊन मागं सरली की न्हाई? म्हून जुळलं."

त्या वर्षी नववीच्या मुलींनी त्यांच्या हाताखाली अंतराळ स्थानक बांधलं. खिचडीच्या मोठ्या कढईत पाणी भरलं आणि त्यावर थर्माकोलचे तुकडे तरंगत ठेवले. एकेक तुकडा हलकेच पुढे सारायचा. नीट गेला तर दुसऱ्या तुकड्याच्या खाचेत अडकायचा, जोर लागला तर उडून लांब जायचा. पोरी महिनाभर शाळा सुटल्यावर थांबल्या. जिल्ह्याच्या प्रदर्शनात जायचंच, असा त्यांचा हट्ट होता.

प्रदर्शनाआधी संस्थेचे अध्यक्ष बघायला येणार होते. पाहुण्यांची फीत आधीच अर्धी कापून ठेवायची, ही आमच्या शाळेची रीत. मुख्याध्यापक म्हणाले, "तुकडे चिकटवून ठेवा. साहेबांसमोर फजिती नको."

"चिकटवलेलं दाखवायचं तर मुलींनी शिकावं काय?" बाई म्हणाल्या. चिकटवलं नाही.

अध्यक्षांनी बोटानं तुकडा ढकलला. सगळं स्थानक विस्कटलं. लोक हसले. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, लय जोर लावला तुमी. मागं घ्या, पुन्हा करा."

साहेबांनी हात पुसला आणि ते निघून गेले. मुलींचा प्रयोग प्रदर्शनाला गेलाच नाही. सोमवारी बाईंचं विज्ञान काढून त्यांना शिवणकाम दिलं. माझं डोकं आजही भडकतं. एका माणसाच्या बोटाला धक्का लागला, म्हणून पोरींचा महिना आणि बाईंचा विषय कढईतल्या पाण्यासारखा ओतून दिला!

गेल्या महिन्यात बाई गेल्या. शोकसभेत तेच अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "बाईंनी अंतराळ आपल्या झरीत आणलं."

मी उठलो. "साहेब, त्यांचं विज्ञान तुम्हीच काढून घेतलंत."

श्रद्धांजलीची शांतता अजून पुकारायची होती. ती तिथंच सुरू झाली.