बोहनी होईपर्यंत

युनिफॉर्मच्या कारखान्यात मी कित्येक वर्षं फक्त कॉलर लावली. बाही दुसरी बाई लावायची, खिसा तिसरी, काज-बटणाचं मशीन चौथीकडे. मला झोपेतून उठवून कॉलर लाव म्हटलं असतं तर लावली असती, पण अख्खा शर्ट शिव म्हटलं असतं तर मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथून सटकले असते. सोलापुरात अशा बाया पोत्यानं सापडतील. आयुष्यभर शिवणकाम करतात आणि घरातला परकर शिंप्याकडे देतात.

नोकरी मी रागात सोडली. सुपरवायझर माझ्या पाठीमागे उभा राहून, हात जरा लवकर चालव म्हणाला. तो रोजच म्हणायचा, पण त्या दिवशी माझं डोकं तापलेलं होतं. मी मशीन बंद केलं, डबा उचलला आणि घरी आले. माझा स्वभावच तसा, आधी पेटायचं आणि मग बसून राख चिवडायची. वर्षभर संध्याकाळी क्लासला जाऊन ब्लाऊज शिकले होते, तेवढाच काय तो आधार. नवरा टेम्पो चालवतो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कर तुजा तू धंदा. पण मग न्हाय चाललं म्हणून रडत बसायचं न्हाय."

मोटरच्या शिलाई मशीनला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न आईनं सोडवला. ती मोहोळच्या पलीकडे एका खेड्यात एकटी राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ पुण्याला. तिच्याकडे शेळ्या होत्या आणि दिवसभर त्यांच्या मागे माळावर फिरणं हाच तिचा संसार होता. मी फोनवर नुसतं बोलले होते, मागितलं काही नव्हतं. पुढच्या बाजाराला तिनं शेळ्या विकल्या आणि पिशवीत दोन लुगडी घालून माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"मशीन आण," म्हणाली. "पर माजी एक अट हाय. हुक मी लावनार. दारात बसीन, हुक लावीन, येणारी-जाणारी माणसं बघीन. शेळ्यांची तोंडं लई बघितली. आता माणसांची बघू दे की."

एवढीच तिची अट होती. दारात बसायचं.

आमचं घर भवानी पेठेत, गल्लीत, भाड्याचं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीवर स्लॅब आणि दार थेट रस्त्यावर, म्हणून तिथे दुकान. आतल्या खोलीवर पत्रा. मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे धंदा, पलीकडे चूल, अंथरुणं आणि सगळा पसारा.

शॉप ॲक्टची नोंदणी करायला ऑनलाईनवाल्याकडे गेले तेव्हा त्यानं विचारलं, "भागीदार कोण?" मी म्हटलं, "कुणी न्हाय. एकटीच हाय मी." हे सांगताना काय ताठ बसले होते मी खुर्चीत! पाटी रंगवणारा तर त्याहून हुशार. "प्रोप्रा. लिहितो, आणि पुढं सौ. लावायचं ना, ताई?" मी म्हटलं, लावा की. ते 'सौ.' त्यानं लाल रंगात काढलं. मला फार आवडलं.

मुहूर्त पाडव्याचा धरला. आई पहाटे उठली, डोक्यावरून पाणी घेतलं, नवं लुगडं नेसली. चहा करून थर्मासात भरला, पेढे ताटात मांडले आणि दाराजवळ तिच्यासाठी घातलेल्या पोत्यावर जाऊन बसली. मांडीवर हुकाची पाकिटं, सुई, रीळ. अजून एकही ब्लाऊज शिवलेला नव्हता, पण तिची तयारी पूर्ण होती. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा ती "ये बाबा" म्हणत होती.

गल्लीतल्या बायका आरतीचं ताट घेऊन आल्या. शेजारच्या काकू पुढे. काकू वाईट नाहीत, हे आधीच सांगते, कारण या गोष्टीत सगळ्यांना त्याच वाईट वाटतात आणि मला ते सोयीचं पडतं. त्यांनी दारात आईला पाहिलं, मला जरा बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "पयल्या दिवसाची बोहनी हाय. सवाष्णीच्या पावलानं होऊ दे. मी आपलं सांगितलं, मानायचं-न मानायचं तुमच्यावर हाय."

तुमच्यावर हाय, असं त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या.

त्याच्या आधी, कारखान्यात असतानाच, मी मोबाईलवर स्टेटस ठेवलं होतं. कुठल्याशा गावानं विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याची बातमी. खाली मी हात जोडलेलं चित्र टाकलं होतं. कारखान्यातल्या बायकांना दाखवत फिरले होते. मी असलं काही मानत नाही, हे मला अगदी पक्कं माहीत होतं. फक्त तेव्हा माझं दुकान नव्हतं. हातातली नोकरी गेलेली, मशीन नवं, पाटी ओली, आणि लोकांचं शिवणकाम येईल की नाही याची रात्रंदिवस धास्ती. अशा वेळी माणूस देवाला तर सोडतच नाही, पण मांजरालाही घाबरतो.

मी आईजवळ गेले आणि म्हणाले, "आई, जरा आत चहाचं बघतेस का?"

चहा झालेला होता. तिनंच केला होता. थर्मास माझ्या मागे टेबलावर दिसत होता.

आईनं थर्मासाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, मग पाकिटं गोळा केली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पडद्याआड गेली. "व्हय, बघते की," एवढंच म्हणाली. आणि मला हायसं वाटलं. मला वाईट वाटायला हवं होतं, ते रात्री वाटलं. त्या घटकेला मात्र सुटल्यासारखं वाटलं, आणि तेच मला अजून खातं. काकूंनी पहिला ब्लाऊजपीस दिला, मी तो कपाळाला लावला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता. रिकाम्याच भांड्यांचा असणार.

एका दिवसाची गोष्ट म्हणून मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, पोतं अंथरलं, हाक मारली. आई आतूनच म्हणाली, "बोहनी होऊ दे. मग येते."

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की ये, तसं काही नसतं. मी मशीनमध्ये तेल घालत बसले.

मग तो नियमच झाला. सकाळी मी दार उघडायची, आई पडद्याआड. पहिलं गिऱ्हाईक येऊन, माप देऊन, काहीतरी हातावर ठेवून गेलं की ती विचारायची, "झाली का ग?" मी "झाली" म्हटलं की बाहेर यायची, पोत्यावर बसायची आणि तासाभरात सगळ्या गल्लीची खबर काढायची. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा माग बंद पडला, समोरच्या तेलुगू आजी कोणती भाजी निवडतायत. आजींना मराठी धड येत नव्हतं, आईला तेलुगू अजिबात नाही, तरी दोघींच्या तासन्‌तास गप्पा. तिचे हुक इतके पक्के असायचे की बायका कौतुक करायच्या. मी म्हणायची, आईनं लावलेत. हे सांगायला मी कधी विसरले नाही. फुकटचं होतं ना ते.

पण नव्या दुकानात बोहनी काय घड्याळ लावून होते? पाडवा झाला आणि ऊन वाढत गेलं. सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. पत्र्याखालची खोली दहा वाजताच तव्यासारखी व्हायची. कधी दुपारपर्यंत कुणी फिरकायचं नाही. मी पंख्याखाली, उघड्या दाराशी, रिकामं मशीन पुसत. आई आत ओला टॉवेल डोक्यावर घेऊन भिंतीला टेकलेली. मधूनच आवाज, "झाली का ग?"

"न्हाय अजून."

"व्हईल. व्हईल."

मी खोटं "झाली" म्हणू शकले असते. किती सोपं होतं! तिला कळलंही नसतं. लोकांना ब्लाऊज उद्या देते म्हणून मी रोज खोटं बोलायची, माझी जीभ काही सत्यवादी नव्हती. पण हे एक खोटं मी एकदाही बोलले नाही. कारण तिला भीती वाटत होती, असं मी समजत होते, आणि भीती तर मला वाटत होती. धंदा नुकता कुठे हलायला लागला होता. चाललंय ते कशाला हलवा, असं मी स्वतःला सांगायची आणि आत पाण्याचा तांब्या नेऊन द्यायची.

मे महिन्यात एक दिवस असाच रिकामा चालला होता. अकरा वाजून गेले असतील. दारात एक तरुण बाई येऊन थांबली. पायरीच्या खालीच उभी. खांद्याला पर्स, हातात भरलेली पिशवी. म्हणाली, "तुमची बोहनी झाली आहे का? नसेल तर मी नंतर येते."

मला कळेना. मी म्हटलं, "का हो?"

"माझे मिस्टर गेल्या वर्षी गेले. काही दुकानांत पहिलं गिऱ्हाईक म्हणून चालत नाही. मागे एकदा ऐकून घेतलं, म्हणून आता आधी विचारते." तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, पत्ता सांगावा तसं. "भावाचं लग्न आहे. सगळे ब्लाऊज शिवायचेत."

पिशवीतून इरकलीचा काठ दिसत होता. एकच कापड नाही, चांगली गच्च भरलेली पिशवी होती.

"अहो, असलं काय नसतं!" मी उठूनच उभी राहिले. "कोणत्या जमान्यातलं बोलताय तुमी? या, आत या, बसा. आमी असलं काय मानत न्हाय."

मोठ्यानं बोलले. मनापासून बोलले, हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्या क्षणी मला खरोखर राग आला होता, त्या दुसऱ्या दुकानदारांचा. तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला, माप घेतलं, गळ्याचे नमुने दाखवले. तिनं हातावर आगाऊ पैसे ठेवले ते मी सवयीनं कपाळाला लावले. आणि तेव्हा पडदा हलला.

आई पाण्याचा तांब्या-पेला घेऊन बाहेर आली. घामानं चोळी अंगाला चिकटलेली, ओला टॉवेल खांद्यावर. तिनं त्या बाईला पाणी दिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कुठली, काय करतेस, लेकरंबाळं काय, सगळं विचारलं. बाई मोकळेपणानं बोलली आणि हसत गेली. मी टेप गुंडाळत होते. तो गुंडाळून संपला तरी गुंडाळत होते.

आई पोत्यावर बसली. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "म्हंजे चालतंय व्हय ग?"

मी टेप पुन्हा उलगडला.

"मला वाटलं तुला चालत न्हाय." आणि ती हसली, खरंच हसली. "मग सांगायचं की ग मला. मी उगंच उकडत बसले आत."

टोमणा मारला असता तर मी उलटून बोलले असते, मला ते येतं. पण टोमणा नव्हता तो. आपल्याला एखादी गोष्ट उशिरा कळली, एवढाच सूर होता तिचा. मी नुसतं "आई" म्हटलं आणि कोरा कपडा ओढून कापायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर माझ्या आधी आई येऊन बसली. समोरच्या आजींना हात केला. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, चला, मिटलं. फार न बोलता मिटलं.

पण त्या दिवशी कुणी येईना. दहा झाले, अकरा झाले. एक बाई पायरीपर्यंत आली आणि फोन आला म्हणून परत फिरली. आणि मी, स्टेटस ठेवणारी, कालच मोठ्यानं बोललेली मी, मशीनवरून मान वर करून आईच्या कपाळाकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मनात शब्दसुद्धा नव्हता आला. पण आईनं आयुष्यभर असल्या नजरा पाहिल्या आहेत, तिला शब्द लागत नाहीत. तिनं सुई पाकिटाला टोचली, "जरा पाठ टेकते ग," म्हणाली आणि आत गेली.

मी मशीन तसंच सोडून तिच्यामागे गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यापुढे बसले आणि रडायलाच लागले. म्हटलं, "आई, मी मानत न्हाय ग. खरंच मानत न्हाय. मला कळत न्हाय मी का बघितलं."

तिनं माझं तोंड पदरानं पुसलं. पदर घामानं ओला होता. म्हणाली, "अग, नोकरीत मालकाचं भ्या असतंय. आपल्या एकटीच्या धंद्यात सगळ्याचंच भ्या. मी काय तुज्यावर रागावले न्हाय."

"मग बाहेर चल. आत्ताच्या आत्ता चल."

"चल," म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बाहेर येऊन बसली. त्या दिवसापासून ती रोज सकाळी दार उघडताच येऊन बसते. माझं रडं थांबावं म्हणून ती त्या दिवशी आली होती, आणि अजूनही त्यासाठीच येते, हे मला कळतं. गिऱ्हाईक यायला उशीर झाला की ती माझ्याकडे पाठ करून बसते, म्हणजे माझी नजर गेली तरी मला तिचं कपाळ दिसायला नको.